कुत्र्याचा तास, घरच्यांचा गृहपाठ

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या हट्टापायी घरात पिल्लू येतं आणि शाळा उघडल्या की माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. या वेळी आलेल्यांपैकी काही निवडले आहेत. पत्रं लांबलचक होती, त्यातला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

आमचा लॅब्रॅडॉर आठ महिन्यांचा आहे. घरात बिस्कीट दाखवलं की लगेच बसतो, बाहेर काढला की ओळख दाखवत नाही. फिरायला आम्ही त्याला नेत नाही, तोच आम्हाला ओढत नेतो. मी ‘सिट’ म्हणतो, आई ‘खाली बस रे’ म्हणते, मुलगी नुसतं बोट दाखवते. तो हट्टी आहे का? (सिडको, छत्रपती संभाजीनगर)

हट्टी अजिबात नाही. तुमच्या घरात एकाच कामाला तीन हुकूम आहेत आणि त्यातला कुठला खरा, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. भाषा कुठलीही चालते. इंग्रजी शब्द वापरला म्हणून कुत्रं जास्त शिकलेलं ठरत नाही. पण शब्द एकच हवा आणि तो आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तोच हवा. कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा.

आता एक गंमत करून बघा. दोन्ही हात पाठीमागे घ्या, बिस्कीट दिसू देऊ नका आणि नेहमीच्या आवाजात ‘सिट’ म्हणा. बहुतेक तो तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहील. म्हणजे तो शब्द शिकलेलाच नाही, बिस्किटाचा हात शिकला आहे. म्हणून सुरुवातीपासून घ्या. खाऊचा तुकडा त्याच्या नाकाला लावा आणि हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि लगेच तुकडा. हे ‘शाब्बास’ दोन सेकंद उशिरा आलं, तर तोवर तो उठलेला असतो आणि शाबासकी उठण्याला मिळते. चार-पाच वेळा झालं की रिकाम्या हातानं तीच खूण करा आणि खाऊ दुसऱ्या हातानं द्या. त्यानंतर आधी शब्द, मग खूण. शेवटी नुसता शब्द. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरेत, तीही जेवणाआधी. पोटभर भाकरी-दूध झालेलं कुत्रं वर्गात झोपतं.

खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा. उकडलेलं चिकन, अंडं, पनीर चालेल. बिस्किटातला मैदा-साखर त्याच्या काही कामाचा नाही. कालच्या रश्श्यातले तुकडे देऊ नका. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

घरात बसणारा बाहेर का बसत नाही? कारण हॉलमधलं ‘सिट’ आणि रस्त्यावरचं ‘सिट’ हे त्याच्या दृष्टीनं दोन वेगळे धडे आहेत. हॉल, मग गच्ची, मग पार्किंग, मग फाटक, असं एकेक ठिकाण वाढवत न्या. प्रत्येक नव्या ठिकाणी पहिल्या इयत्तेपासून.

ओढण्याचं सांगायचं तर ओढलं की पुढं जाता येतं, हे तुम्हीच त्याला रोज सकाळी शिकवता. पट्टा ताणला की थांबा. ओढू नका, रागावू नका, नुसतं उभं राहा. पट्टा सैल पडला की चला. तो आपणहून तुमच्या डाव्या पायाशी आला की खाऊ तिथंच, विजारीच्या शिवणीला हात लावून द्या. पहिल्या आठवड्यात कॉलनीच्या फाटकापलीकडे जाणं होणार नाही, शेजारी हसतील, हसू द्या. छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीला बांधायचा पट्टा, घेतलात तर आईंनाही तो आवरेल. तुम्ही थांबलात आणि मुलगी त्याच्यामागे पळत गेली, तर मात्र सगळं मुसळ केरात.

पिल्लू अडीच महिन्यांचं आहे. मुलांच्या पायांना, हातांना चावतं. ट्रेनिंग सहा महिन्यांनंतर सुरू करायचं असतं ना? आणि सगळ्या लसी होईपर्यंत बाहेर काढायचं नाही, हे खरं का? (जालना)

ताई, सहा महिने थांबायचं, ही समजूत जुनी आहे. लष्करी धाटणीच्या खेचाखेचीत लहान पिल्लाच्या मानेला इजा व्हायची, त्या काळातली असावी. पिल्लाला जगाची ओळख होण्याचा खरा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा. तुमच्या हातात त्यातले थोडेच आठवडे उरलेत. या काळात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं ते पुढे जन्मभर ओळखीचं वाटतं.

लसीचं भय खरं आहे. पार्व्हो हा पिल्लांना जीवघेणे जुलाब लावणारा विषाणू रस्त्यावरच्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून जमिनीवर सोडू नका, पण उचलून न्या. मांडीवर घेऊन रिक्षात बसा. बसस्थानक लांबून दाखवा, वरातीचा बँड दोन गल्ल्या सोडून ऐकवा, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकणारे आजोबा, बुरखा घातलेली बाई, सगळं दाखवा आणि प्रत्येक वेळी तोंडात काहीतरी गोड-चविष्ट. लसींचे डोस मात्र डॉक्टर सांगतील तसे, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, चुकवू नका. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास असते.

चावणं म्हणजे दुष्टपणा नव्हे. दुधाचे दात चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात, हिरड्या शिवशिवतात. ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा आणि ते चघळायला द्या. मुलांना एकच सांगा: दात लागला की किंचाळून पळायचं नाही, तो त्याला खेळ वाटतो. हात सैल सोडायचा, उठायचं, खोलीबाहेर जायचं. अर्ध्या मिनिटानं परत यायचं. मोठ्यांनाही हे जड जातं, मुलांना जाणारच. पण खेळ संपतो म्हटल्यावर पिल्लू दात आवरायला शिकतं.

आखाड्यावर दोन वर्षांची कारवान कुत्री आहे. घरी गरीब. पण रानात ससा किंवा शेजाऱ्याची शेळी दिसली की सुटते ती नजरेआड. हाका मारून घसा बसतो. तासाभरानं येते, तेव्हा दोन रट्टे देतो. लई मारली तरी फरक नाही. (लोहा तालुका, जि. नांदेड)

आधी रट्ट्यांचं बोलू, काका. तिच्या बाजूनं हिशेब करा. तासभर रानभर हुंदडली, मजा आली. तुमच्याकडे आली, मार बसला. मार पळण्याबद्दल आहे हे तिला कळायला मार्गच नाही. शेवटचं जे केलं, त्याच्याशी तो जोडला जातो. शेवटचं तिनं काय केलं? तुमच्याजवळ आली. म्हणजे ‘मालकाकडे जाऊ नये’ हा धडा तुम्ही तिला पक्का करून दिला आहे. आजपासून ती कितीही उशिरा आली, तरी आल्याबद्दल शाबासकीच.

दुसरं, जातीचं. लातूर-नांदेड पट्ट्यातली कारवान, तिचीच रेशमी केसांची पश्मी आणि कर्नाटकातली मुधोळ, ही सगळी एका वळणाची कुत्री. मुधोळवर टपाल खात्यानं २००५ मध्ये तिकीट काढलं, तेव्हा शहरातल्यांना तिचं नाव कळलं. आपल्याकडच्या मेंढपाळांना त्याची गरज नव्हती. ही कुत्री नाकानं नाही, नजरेनं शिकार करतात. लांबवरची हालचाल टिपायची आणि मालकाला न विचारता सुटायचं, यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. जर्मन शेफर्डसारखं दर दहा पावलांवर वळून तोंडाकडे बघणं हिच्या रक्तात नाही. धाव सुरू झाली की कान बंद. त्यामुळे तुमची हाक धाव सुरू व्हायच्या आधी पोचायला हवी. नीट बघा: सुटण्याआधी ती थिजते, मान लांब होते, कान मुळापासून उभे राहतात, एखादा पाय अधांतरी राहतो. एवढाच एक-दोन सेकंदांचा अवधी. हाक तेव्हा.

जुनी हाक बिघडली आहे, ती सोडून द्या. तोंडानं शीळ वाजवता येत असेल तर उत्तम, नाहीतर शाळेच्या पीटीची शिट्टी घ्या. आठवडाभर फक्त घरात आणि अंगणात: शिट्टी, लगेच मटणाचा शिजवलेला तुकडा. ती समोर बसलेली असली तरी. शिट्टी ऐकली की तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांच्या लाळेवर जे प्रयोग केले, त्यातलं तत्त्व हेच. मग बैलाचा जुना कासरा घ्या, पाच-सहा हातांचा. तो गळ्यात बांधू नका, छातीच्या पट्ट्याला बांधा. ही जात काही उड्यांतच पूर्ण वेग घेते आणि दोरीच्या टोकाला मानेला हिसका बसला तर मणका जाईल. साधा पट्टा तर हिच्या डोक्यावरून सहज निसटतो, कारण मान डोक्याएवढीच रुंद असते. ओढल्यावर आवळणारा, पण गळा न दाबणारा रुंद पट्टा मिळतो, तो बघा. कासरा हातात ठेवून बांधावर फिरा, ती लांब गेली की शिट्टी, आली की तुकडा, आणि लगेच परत मोकळं सोडा. बोलावणं म्हणजे दर वेळी साखळी, असं झालं तर ती हिशेबात पक्की आहे. दहादा बोलवाल तेव्हा नऊदा परत खेळायला पाठवा.

हे दोन-तीन महिन्यांचं काम आहे. एवढं करूनही शेळ्यांच्या कळपाशेजारी ती मोकळी सोडण्याइतकी भरवशाची होईल, असं मी सांगणार नाही. कळप दिसला की पट्टा. सशाचं म्हणाल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. ‘कुत्रीनं धरला, मी नाही’ हे वनरक्षकाला पटणार नाही.

एक ट्रेनर म्हणतात, महिनाभर कुत्रा माझ्याकडे ठेवा, पूर्ण ट्रेन करून देतो. कुत्र्याला मालक कोण हे दाखवून द्यावं लागतं, असंही ते म्हणाले. पाठवावा का? (लातूर)

महिनाभर त्यांच्याकडे राहून तो त्यांचं ऐकायला शिकेल. तुमच्या घरी आला की चार दिवसांत ओळखेल की इथले नियम वेगळे आहेत. त्यापेक्षा जो ट्रेनर तुम्हाला पट्टा हातात देऊन तुमच्या चुका दाखवतो, तो निवडा. पाठवायचाच असेल तर तीन गोष्टी विचारा: शिकवताना मला बसून बघता येईल का, कुत्रं चुकलं तर तुम्ही नेमकं काय करता, आणि गळ्यात काय घालता. काटेरी साखळी किंवा विजेचा पट्टा असं उत्तर आलं, तर चहा पिऊन परत या.

‘मालक कोण ते दाखवा’ याचं मूळ लांडग्यांच्या एका जुन्या अभ्यासात आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या भांडणांवरून कळपातल्या वर्चस्वाची मांडणी केली. डेव्हिड मीच यांनी १९७० च्या पुस्तकातून ती जगभर नेली. पुढे कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षे बघितल्यावर मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथं गादीसाठी मारामारी नसते. शास्त्रज्ञानं आपलं मत बदललं, आपल्याकडचे ट्रेनर अजून जुनंच पान वाचतात. कुत्र्याला पाठीवर आडवं पाडून दाबून धरणं, हे शिक्षण नाही. त्यातून चावण्याच्या घटना मात्र घडतात.

वाड्यात चार वर्षांचा कुत्रा आहे. दिवसा साखळीला, रात्री मोकळा. हल्ली खाताना नातू जवळ गेला की गुरगुरतो. गुरगुरला की मी दटावतो. काय करावं? (बीड)

गुरगुरणं बंद करू नका. तो तोंडानं सांगतोय की ‘लांब राहा’. हे सांगणं मारून बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता दात लागेल. आजपासून त्याचं ताट वेगळ्या, बंद जागी. नातू तिथं जाणार नाही ही जबाबदारी मोठ्यांची, नातवाची नाही. गुरगुर अलीकडेच सुरू झाली असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. दात, कान, सांधे, कुठं तरी दुखत असण्याची शक्यता बरीच असते. परभणी किंवा उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला गाठता येईल. त्यानंतर मोठ्या माणसानं लांबून ताटाजवळ चांगला तुकडा टाकत निघून जायचं, रोज. माणूस जवळ आला की ताटातलं जात नाही, वाढतं, हे त्याला कळू द्या. हा सराव नातवाकडून करून घेऊ नका.

साखळीबद्दल कटू बोलतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात, कलम ११ मध्ये, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं हाही गुन्हा धरला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी दिवसभर बांधलेलं कुत्रं चिडकं होणारच. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालवा, निम्मी तक्रार तिथंच कमी होईल.

आणि दात लागलाच, ओरखडा का असेना, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही नको.

मे महिन्यात सराव चालू ठेवावा का? जर्मन शेफर्ड आहे. (परभणी)

ठेवा, पण उजाडताना आणि रात्री उशिरा. दिवसा घरात, पंख्याखाली पाच मिनिटांचे धडे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो उष्णता बाहेर टाकतो. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवा. तुम्हाला ठेववली नाही तर त्यालाही पाय ठेववणार नाही. लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल झाल्या, चालताना झोकांड्या गेल्या तर सराव थांबवून सावलीत घ्या, साध्या पाण्यानं अंग भिजवा, पंखा लावा आणि थेट डॉक्टर. केस भादरू नका, तेच त्याला उन्हापासून वाचवतात.

गल्लीतलं गावठी पिल्लू सांभाळलंय. हे शिकेल का, की ट्रेनिंग फक्त जातिवंत कुत्र्यांना? (धाराशिव)

शिकेल, आणि बऱ्याचदा लवकर शिकेल. गल्लीत राहून वाहन, माणूस, दुसरं कुत्रं यांचा अंदाज घेण्यात ते आधीच तरबेज झालेलं असतं. फक्त अनोळखी हात आणि बंद दार यांची भीती जायला वेळ द्या. पट्टा पहिले दोन दिवस नुसता जमिनीवर ठेवा, त्यावर खाऊ द्या. मग गळ्यात, मग दोरी. रेबीजची लस आणि नसबंदी याच महिन्यात डॉक्टरांना विचारून ठरवा. नगरपालिकेच्या माणसांनी उचलून नेऊ नये म्हणून गळ्यात फोन नंबराचा बिल्ला असू द्या.