दोघंही नोकरीला, टू बीएचके आणि लॅबचं पिल्लू: जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, दोघंही सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाहेर, मुलगी 9 वर्षांची, तिला वाढदिवसाला लॅब्रेडॉरचं पिल्लू हवंय आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, ‘आपल्याकडे कुत्री चालत नाहीत.’ घर लहान पडेल का, हे तुम्ही दोनदा विचारलंय.

घर लहान पडत नाही. आमचा कोथरूडचा फ्लॅट तुमच्यापेक्षा एका खोलीने लहान आहे. त्यात आधी बंडू होता, लॅब्रेडॉर, बारा वर्षं जगला. आता भिंगरी आहे, अस्सल गावठी, पार्किंगमधून उचलून आणलेली. कुत्रा दिवसातला निम्मा वेळ तर झोपून काढतो आणि झोपायला त्याला डायनिंग टेबलाखालची जागाच आवडते. कमी पडतो तो तुमचा दिवस. घरात दहा तास कोणी नाही, हे तुम्ही प्रश्नात असंच जाता जाता लिहून टाकलंय, पण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

पिल्लाचं ढोबळ गणित असं की ते जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा, साधारण तितके तास त्याला शू धरता येते. दोन महिन्यांचं असेल तर फार तर तीन तास. रात्री गजर लावून उठावं लागतं. त्यात सुरुवातीला त्याला खालीही नेता येत नाही. सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लशी चालू असतात, त्या 16 आठवड्यांपर्यंत चालतात, आणि त्या पुऱ्या व्हायच्या आत रस्त्यावर सोडलं तर पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या पार्व्हो विषाणूची भीती. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत जातो आणि तिथे महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे तोवर सगळा कारभार बाल्कनीत वर्तमानपत्रावर. आम्ही बंडूच्या वेळी हे निभावलं ते केवळ सासूबाई घरात होत्या म्हणून. ‘मला काय हौस नव्हती’ म्हणत त्यांनीच त्याला वाढवला. तुमच्याकडे दुपारी तसं कोणी नसेल तर पिल्लू आणू नका, हे माझं स्पष्ट मत.

आणि कोणी ‘महिन्याचंच आहे, लवकर लळा लागेल’ म्हणून गळ्यात मारत असेल तर तिथूनच परत फिरा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी बंदी आहे, आणि ती उगाच नाही. भावंडांशी खेळतानाच पिल्लू शिकतं की किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो. हे शिक्षण अर्धवट राहिलं की पुढे तुमच्या मुलीचे हात ओरबाडले जातात.

त्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा कुत्रा दत्तक घ्या. स्वभाव कळलेला असतो, शी-शू धरता येते, चप्पल खायचं वय सरलेलं असतं. ‘मोठा कुत्रा जीव लावत नाही’ असं लोक का म्हणतात कोण जाणे. भिंगरी आली तेव्हा अडीच-तीन वर्षांची असावी. पहिले चार दिवस ती वॉशिंग मशीनच्या मागून बाहेर आली नाही. पाचव्या दिवशी नवरा पोळी खात बसला होता, ती हळूच आली, त्याच्या पायाला नाक लावून परत गेली. आठव्या दिवशी बेडरूमच्या उंबऱ्यावर झोपली. आता उशीवर तिचा हक्क आहे.

मोठा कुत्राही दहा तास एकटा ठेवायचा नसतो, हे मात्र मी स्वतः चूक करूनच शिकले. बंडू दीड वर्षाचा असताना सासूबाई दिरांकडे नाशिकला गेल्या. आम्हाला वाटलं, शहाणा झालाय, राहील. पंधरा दिवसांनी खालच्या काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “अगं, तुला सांगू की नको असं झालंय, पण तो दिवसभर रडतो.” मला पटेना, कारण संध्याकाळी दार उघडलं की तो शेपूट हलवत उभाच असायचा. दुसऱ्या दिवशी जुना मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून गेले. आम्ही निघालो 9 वाजून 20 मिनिटांनी. लिफ्टचं दार लागल्यापासून पावणेबारापर्यंत तो भुंकत आणि विव्हळत होता, मधे मधे दार खरवडत होता. मग तासभर शांतता, बहुधा दमून झोपला. कुरिअरवाल्याने बेल वाजवली आणि पुन्हा सुरू. ते रेकॉर्डिंग मी पूर्ण ऐकू शकले नाही.

त्यावर उपाय निघाला, पण त्याला तीन महिने लागले. आम्ही निघायच्या खुणा पातळ केल्या. किल्ली उचलायची आणि परत सोफ्यावर बसायचं. पर्स खांद्याला लावून कांदा चिरायचा. दार उघडून बाहेर जायचं, दहा सेकंदांत परत यायचं, मग अर्धा मिनिट, मग पाच मिनिटं. जाताना ‘बाळा, मी लवकर येते हं’ हा निरोपसमारंभ बंद, आल्यावरची गळाभेटही त्याची उडी शांत झाल्यावर. आणि मुख्य म्हणजे बी विंगमधला एक कॉलेजचा मुलगा महिन्याच्या पैशांवर दुपारी एक वाजता येऊन त्याला अर्धा तास खाली नेऊ लागला. माझ्या मते निम्मा फरक त्या मुलाने केला. तुमच्या खर्चाच्या यादीत डॉग फूड, व्हेट, लशी सगळं आहे, हा दुपारचा माणूस नाही. तो आधी लिहा. लग्नकार्याला, गावाला जाताना कुत्र्याला ठेवायच्या बोर्डिंगचा खर्चही लिहा, दिवाळीत-मे महिन्यात तिथे जागा मिळत नाही. ‘ट्रेनने नेऊ’ असं वाटत असेल तर आपल्यासोबत कुत्रा न्यायला फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. बंडूला त्या पेटीत घालायची माझी कधी हिंमत झाली नाही.

आता सेक्रेटरी. ‘कुत्री चालत नाहीत’ असा ठराव सोसायटीला करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हे स्पष्ट आहे: बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. त्याच सूचनांत पाळणाऱ्यांनाही शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, सार्वजनिक जागी पट्टा लावा, घाण उचला असं सांगितलंय. तो भाग आपले लोक वाचत नाहीत. तो कागद प्रिंट काढून घरात ठेवा, पण पहिल्या दिवशी सेक्रेटरींच्या तोंडावर फेकू नका. आमच्याकडे एका कुटुंबाने तसं केलं. कायद्याने ते जिंकले, पण पुढची तीन वर्षं त्यांच्या गाडीवर कचरा सापडायचा. मी काय केलं? कुत्रा आणायच्या आधी मजल्यावरच्या दोन्ही घरी जाऊन सांगून आले. ज्यांना भीती वाटते त्यांची लिफ्ट जाऊ देते, आपण पुढच्या फेरीला. पट्टा घराच्या दारातच लागतो, पार्किंगमध्ये नाही. आणि हातात पिशवी लोकांना दिसेल अशी धरते. ‘ही बाई उचलते’ हे एकदा वॉचमनने पाहिलं की त्याची बातमी कमिटीच्या मीटिंगच्या आधी सगळीकडे पोचते. महापालिकेचा परवानाही काढून ठेवा, त्यासाठी रेबीजच्या लशीचा दाखला लागतो.

कमिटीपेक्षा मोठी परवानगी मात्र तुमच्या कामवाल्या मावशींची आहे. हसू नका. बंडू आला आणि आमच्या मावशींनी आठवड्यात काम सोडलं; त्यांना लहानपणी कुत्रा चावला होता, मी विचारलंच नव्हतं. लॅबचे केस वर्षभर गळतात, वर्षातून दोनदा तर पोत्याने. फरशी पुसणाऱ्या माणसाला ते आधी सांगावं आणि पगारही वाढवून द्यावा.

गल्लीतल्या कुत्र्यांचं विचारलंय. प्रत्येक गल्लीला तिथली मंडळी असतात आणि तुमचा कुत्रा त्यांच्या लेखी परप्रांतीय. ती धावून आली तर पळू नका आणि आपल्या कुत्र्याला उचलून कडेवर घेऊ नका, मग ती तुमच्याच अंगावर उड्या मारतात. पट्टा आखूड करून, त्यांच्याकडे टक लावून न बघता, तिरकं चालत निघून जायचं. रोज ठरावीक वेळी त्याच वाटेने गेलात की महिन्याभरात ती फक्त मान वर करून बघतात. रविवारी वेताळ टेकडीवर नेलंत तर तिथेही पट्टा सोडू नका. मोर दिसला की बंडूसारखा आळशीही हरणासारखा धावतो.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळून तासभर झाल्यावर. डांबरावर हाताची पालथी बाजू ठेवून बघा, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग गार करतो. म्हणूनच आखूड नाकाचा पग उन्हात धोक्यात येतो. पुण्यात बर्फातला हस्की पाळणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही, भाषा बिघडते.

पावसाळ्यात गोचीड. रोज संध्याकाळी आल्यावर दारातच जुन्या टॉवेलने चारही पंजे पुसायचे आणि बोटं फिरवून बघायचं: कानाच्या आत, कानामागे, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात. मसुरीच्या डाळीएवढं काही टणक लागलं तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचं आणि साबणाच्या पाण्याच्या वाटीत टाकायचं. नखाने चिरडू नका. भिंगरीने गेल्या वर्षी जेवण सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या, मी एक दिवस ‘पोट बिघडलं असेल’ म्हणून घालवला. व्हेटनी रक्त तपासलं तर प्लेटलेट्स धडाधड उतरलेल्या, गोचीडतापच. औषधाने बरी झाली, पण तो एक दिवस मला अजून खातो. आपल्या डब्यातली तापाची गोळी तर कुत्र्याला कधीच देऊ नका, पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेन त्यांना विषासारखी पडतात. तसेच कांदा, चॉकलेट, आणि बेदाणे, ज्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सत्यनारायणाचा शिरा प्रेमाने भरवणारे पाहुणे आले की मी दारातच उभी असते.

फटाक्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. आमच्याकडे तर जुलैपासून नदीपात्रात ढोल पथकांचा सराव सुरू होतो, त्यामुळे रंगीत तालीम होते. दिवाळीत संध्याकाळची फेरी पाचच्या आत उरकून घ्यायची, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला असलाच पाहिजे, कारण घाबरलेला कुत्रा हार्नेसमधूनही निसटतो आणि लांब पळतो. रात्री आतली खोली, खिडक्या बंद, पंखा जोरात, टीव्ही चालू. फारच थरथरत असेल तर व्हेटना आधीच विचारून ठेवा, लक्ष्मीपूजनाच्या रात्री फोन लागत नाही.

राहिली मुलगी. ‘आई, मी सगळं करेन’ हे ती मनापासून म्हणतेय. पण लॅब दहा-बारा वर्षं जगतो. आता ती 9 ची. कुत्रा म्हातारा होऊन त्याला जिना उतरवेनासा होईल तेव्हा ती विशीत असेल, कदाचित दुसऱ्या शहरात हॉस्टेलवर. बंडूला शेवटचं वर्षभर चादरीच्या झोळीतून खाली नेणारे आम्ही दोघंच होतो, आणि आमचा मुलगा व्हिडिओ कॉलवरून ‘नीट धरा रे’ सांगायचा. म्हणून हा कुत्रा तिच्या वाढदिवसाची भेट असं म्हणू नका, तो तुमचा दोघांचा असणार आहे.

निर्णय घ्यायच्या आधी एक करून बघा. पंधरा दिवस, कुत्रा नसताना, सकाळी सहाला वीस मिनिटं, दुपारी कोणाला तरी घरी पाठवून आणि रात्री दहाला पुन्हा, अशा फेऱ्या खरोखर मारा. भिंगरीच्या आधी नवऱ्याने हा प्रयोग केला होता. चौथ्या दिवशी पहाटे धो धो पाऊस होता, तेव्हा ‘आज तसाही कुत्रा नाहीच आहे ना’ म्हणून तो कूस बदलून झोपला. त्यामुळे आमच्याकडे सकाळची फेरी माझी आणि रात्रीची त्याची.