एअर अ‍ॅम्ब्युलन्समधला मेंटॉर डॉक्टर नेमकं काय करतो?

नाशिकमध्ये भूलशास्त्रात एमडी करताना तुम्ही हे विचारलंय, फार छान वाटलं. मी मूळ नाशिकरोडचा. ब्रिटनमध्ये देणग्यांवर चालणाऱ्या अशा सेवेत हेच काम केलंय.

उड्डाण हा त्यातला छोटा भाग. खरं काम परतल्यावर. नव्या डॉक्टरला आणि पॅरामेडिकला शेजारी बसवून केस उलगडायची: रस्त्यावरच भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालायची गरज होती का? चेकलिस्ट मोठ्याने वाचली का? पॅरामेडिकने शंका काढली तेव्हा ऐकलं का? हे शेवटचं मला सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्याकडे सीनियरला टोकायला लोक कचरतात, आणि त्यात रुग्णाचं नुकसान होतं.

उंचीचं शास्त्रही शिकवावं लागतं. विमानाच्या केबिनमधला दाब ८,००० फुटांइतका असेल, तर बंद जागेतली हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठलेला रुग्ण ओझर विमानतळावरून न्यायचा असेल, तर छातीत नळी उड्डाणाआधीच टाकायची. हेलिकॉप्टर कमी उंचीवरून उडतं, पण आवाजात स्टेथोस्कोप निरुपयोगी.

सुरुवात इथेच करा. मुंबई-आग्रा महामार्गावरचे जखमी आणणाऱ्या १०८ च्या डॉक्टरांशी प्रत्येक केसनंतर दहा मिनिटं बोला.