यादीत नसलेला विषय कोणाचा?

प्रश्न: घटनेतल्या याद्या वाचल्या की केंद्राकडे काय आणि राज्यांकडे काय ते कळतंच ना, मग दोन फेडरल देश एकमेकांपेक्षा इतके वेगळे कसे चालतात?

उत्तर: याद्यांवरून अर्धंच कळतं हो. खरी गंमत यादीत नसलेल्या विषयांची, म्हणजे शेषाधिकारांची. अमेरिकेत १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीने सांगून टाकलं की जे केंद्राला दिलेलं नाही आणि राज्यांना मनाई नाही ते राज्यांचं किंवा लोकांचं. कॅनडाने १८६७ ला उलटं केलं, उरलेलं बहुतेक केंद्राकडे, कारण शेजारी नुकतंच यादवी युद्ध होऊन गेलेलं आणि राज्यांना जास्त मोकळीक दिल्याचा तो परिणाम असं तिथल्या पुढाऱ्यांना वाटत होतं.

मग कॅनडाचं केंद्र जास्त पॉवरफुल हवं ना? तर नाही! कोर्टांनी सगळं फिरवलं. तेव्हा कॅनडाचं शेवटचं अपील कोर्ट असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने प्रांतांच्या 'मालमत्ता आणि नागरी हक्क' या विषयाचा इतका ऐसपैस अर्थ लावला की केंद्राचे हात आखडले, आणि तिकडे अमेरिकेत केंद्राला आंतरराज्य व्यापारावर अधिकार देणारं कलम ताणत ताणत १९४२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका शेतकऱ्याचा घरच्या वापराचा गहूसुद्धा त्यात बसवला.

म्हणून राज्यांचा खरा जोर किती ते कळायला मी तरी आधी संसदेचं वरचं सभागृह बघते. जर्मनीत बुंडेसराटमध्ये राज्य सरकारांचेच मंत्री बसतात, आणि राज्यांच्या अधिकारांना हात लावणारे बरेच कायदे त्यांच्या संमतीशिवाय पासच होत नाहीत.