उठतं कोण?

प्रिय पोरी,

काल रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी वाचला. "सर, मूटमध्ये मला लुइझियाना राज्याची बाजू आलीय, प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन. तीन दिवस वाचतेय आणि मला त्यांचं म्हणणं पटायला लागलंय. माझ्यात काही बिघडलंय का?"

बिघडलेलं काही नाही. मूट म्हणजे सरावाचा खटला, वाट्याला आलेली बाजू लढायचीच असते. आणि गोऱ्यांना व कृष्णवर्णीयांना रेल्वेत वेगवेगळ्या डब्यांत बसवणारा लुइझियानाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात वैध ठरवला, तो याच म्हणण्यावर. त्या म्हणण्यात जोर होता म्हणून तर ते १८९६ पासून टिकलं, १९५४ मध्ये शाळांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने मोडीत काढेपर्यंत. अडाणी युक्तिवादाच्या बळावर माणसांना अठ्ठावन्न वर्षं डब्याबाहेर ठेवता येत नाही. त्याला तुझ्या-माझ्यासारखी शिकलेली, नीट लिहिणारी माणसं लागतात. वंशभेद वाईट असतो हे तुला सांगत बसत नाही. तू ज्या घरात वाढलीस ते घर मला माहीत आहे.

आधी त्यांची बाजू पूर्ण ताकदीने मांड. कायदा दोघांना सारखाच लागू होता. गोरा माणूस कृष्णवर्णीयांच्या डब्यात बसला तर त्यालाही तोच दंड, २५ डॉलर नाहीतर २० दिवस कैद. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्यापुढची समानता दिली, शेजारी बसण्याची सक्ती केली नाही. ज्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती दुरुस्ती मंजूर केली, तिच्याच अखत्यारीतल्या वॉशिंग्टनमध्ये शाळा वेगवेगळ्या होत्या. गुलामगिरीविरुद्ध पेटून उठलेल्या बॉस्टनमध्येसुद्धा १८४९ साली सेरा रॉबर्ट्स नावाच्या पाच वर्षांच्या मुलीच्या खटल्यात वेगळ्या शाळा कायदेशीर ठरल्या होत्या. (त्याच राज्याने १८५५ मध्ये कायदा करून त्या बंद केल्या, हे समोरची टीम तुझ्या तोंडावर मारणार. तयारी ठेव.) आणि शेवटी प्लेसीचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हेन्री ब्राउन यांचं ते प्रसिद्ध वाक्य: वेगळं बसवण्यात कमीपणा असलाच तर तो कायद्यात नाही, कृष्णवर्णीय लोक स्वतःच तसा अर्थ लावून घेतात.

तुला पटलं ते हेच ना? मलाही पटलं होतं. याच मुद्द्यावर मी एक प्रकरण जिंकलोय.

वकिलीला लागून मला दुसरं वर्ष होतं. एका संस्थेच्या वसतिगृहात जेवायला दोन पंगती बसायच्या. दुसऱ्या पंगतीतल्या एका मुलाने तक्रार केली, सिनियरनी संस्थेचं लेखी म्हणणं तयार करायला मला सांगितलं. मी लिहिलं: अन्न एकच, वाढपी एकच, वेळ एकच, ताटं एकाच कपाटातली. बसण्याची सोय मुलांनी आपापल्या ओळखीपाळखीने केलेली आहे आणि तिच्यातून कुणी वेगळा अर्थ काढत असेल तर तो त्याचा समज आहे. तक्रार निकाली निघाली. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, पोरी. एकही नाही. मी ज्युनियर होतो, घरी दोन धाकट्या बहिणी होत्या, सिनियरनी सांगितलेलं करायचं असतं, आणि मी लिहिलं नसतं तर शेजारच्या टेबलावरच्याने लिहिलं असतं. चाळीस वर्षं स्वतःला हेच सांगत आलोय.

म्हणणं दाखल झाल्यानंतर फीचं पाकीट आणायला मी तिथे गेलो. जेवणाची वेळ होती. पहिली पंगत खिडकीखाली भिंतीला लागून. दुसरी दाराशी, जिथे सगळे चपला काढून ठेवत तिथे. तो मुलगा आला, खाली वाकला, पहिल्या पंगतीतल्या मुलांच्या चपला दोन्ही हातांनी बाजूला सारल्या, हात धुऊन आला आणि त्या जागेवर ताट घेऊन बसला. रोजचं असावं, कारण त्याने इकडेतिकडे पाहिलंही नाही. अन्न खरंच एकच होतं.

तेव्हापासून मी एकच प्रश्न धरून बसलोय. कायदा असो, ठराव असो की परिपत्रक, त्यात लिहिलंय काय हे नंतर बघ. त्याच्यामुळे जागेवरून उठतं कोण, ते आधी बघ.

आता हा प्रश्न घेऊन १८९० चा तो लुइझियानाचा कायदा परत वाच. त्यात एक सवलत आहे, जिच्यावरून तू तीन दिवसांत नुसती नजर फिरवली असशील. दुसऱ्या वंशाचं मूल सांभाळणाऱ्या बायांना हा कायदा लागू नाही. म्हणजे कृष्णवर्णीय बाईच्या मांडीवर गोऱ्या घरचं मूल असेल तर ती गोऱ्यांच्या डब्यात बसू शकते. मूल पोचवून ती एकटी परत निघाली की तीच बाई, तोच डबा, तोच गार्ड, आणि तिने उठायचं. दोन वंशांना एकत्र बसण्याचा त्रास होतो म्हणून हा कायदा असेल, तर मूल मांडीवर असताना तो त्रास कुठे जातो? लुइझियानाचा वकील म्हणून तुला याचं उत्तर द्यावं लागेल. मला आजवर सापडलेलं नाही.

आणि होमर प्लेसी. जोडे बनवणारा कारागीर, आठात सात हिस्से गोरं रक्त, दिसायलाही गोराच. ७ जून १८९२ ला न्यू ऑर्लिन्सहून कोव्हिंग्टनचं पहिल्या वर्गाचं तिकीट काढून बसला. कायद्याला आव्हान देण्यासाठी तिथल्या नागरिकांच्या समितीनेच सगळं आखलं होतं. अटक करणारा डिटेक्टिव्हही त्यांनीच नेमलेला, आणि जादा डब्यांचा खर्च नकोसा झालेल्या रेल्वे कंपनीला आधी कळवलेलं. गार्डने विचारलं तेव्हा प्लेसीने आपण कृष्णवर्णीय असल्याचं सांगितलं आणि तो उठला नाही. त्याने सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. आता सांग, त्या डब्यात ज्याला कधी कुणी "ऊठ" म्हटलं नाही, त्याने "अर्थ तुम्हीच लावता" म्हणायचं?

तू पुढे लिहिलंयस, "त्या काळाच्या चौकटीत निकाल बरोबर होता असं मांडू का?" हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. त्या काळाची चौकट म्हणजे कुणाची? न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन त्याच काळातले, त्याच बेंचवरचे, केंटकीचे, ज्यांच्या घरी गुलाम राबले होते. सात विरुद्ध एक असा निकाल लागला, त्यातले एक ते. त्यांनी लिहिलं की या कायद्याचा हेतू गोऱ्यांना कृष्णवर्णीयांच्या डब्यातून दूर ठेवण्याचा नसून उलटा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी उठणाऱ्याकडे पाहिलं, बाकी सात जणांनी कागदाकडे. त्या सातांच्या चुकीचं खापर काळावर फोडू नकोस. मी माझ्या वेळी तेच केलं होतं.

पण हार्लनचा फोटोही लावू नकोस भिंतीवर. त्याच मतात त्यांनी चिनी लोकांबद्दल जे लिहिलंय ते वाच. तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, जॉर्जियातल्या एका जिल्ह्याने पैसे नाहीत म्हणून कृष्णवर्णीय मुलांचं हायस्कूल बंद केलं आणि गोऱ्या मुलींचं चालू ठेवलं. ते चालेल असा निकाल लिहिणारे हार्लनच. एकदा दिसलं म्हणजे कायम दिसत राहील असं नसतं. प्रश्न दर वेळी नव्याने विचारावा लागतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचं प्रकरण १९५० चं आहे, मॅकलॉरिनचं. स्वतः शिक्षक असलेला उतारवयाचा कृष्णवर्णीय माणूस डॉक्टरेटसाठी ओक्लाहोमा विद्यापीठात गेला. कोर्टाच्या आदेशामुळे प्रवेश द्यावाच लागला. मग त्याला वर्गात न बसवता लगतच्या छोट्या खोलीत बसवलं, तिथून फळा दिसेल असं. लायब्ररीत त्याचं टेबल वेगळं. कॅफेटेरियातही टेबल वेगळं आणि जेवणाची वेळही वेगळी. प्राध्यापक तेच, पुस्तकं तीच, जेवण तेच. विद्यापीठाचं लेखी म्हणणं मी लिहिलं असतं तर अगदी सुबक लिहिलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने फेटाळलं. ते निकालपत्र मी पन्नाशीत वाचलं, आणि वाचताना मला दारातल्या चपला दिसत होत्या.

साउथ कॅरोलिनातल्या क्लॅरेन्डन काउंटीचं प्रकरण तर एका स्कूल बसपासून सुरू झालं. गोऱ्या मुलांना बस होत्या, कृष्णवर्णीय मुलं मैलोन्‌मैल चालत. पालकांनी फक्त एक बस मागितली होती. खटल्यावर नाव असलेल्या हॅरी ब्रिग्जची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. सुनावणीच्या सुरुवातीलाच राज्याने शाळा समान नाहीत हे कबूल केलं आणि समान करून देतो म्हटलं. हा त्यांचा सगळ्यात हुशार डाव, तुला तुझ्या मांडणीत उपयोगी पडेल. त्यावर न्यायमूर्ती वेअरिंग यांनी १९५१ मध्ये विरोधी मतात लिहिलं की वेगळं काढणं हीच विषमता. तीन वर्षांनी, १९५४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात पालकांचे वकील थरगुड मार्शल विरुद्ध राज्याचे वकील जॉन डेव्हिस या झुंजीचा निकाल लागला, नऊ विरुद्ध शून्य, तेव्हा मुद्दा हाच होता.

परीक्षक तुला आजचंही विचारतील. २०२३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा वंश पाहून प्रवेश देणं थांबवणाऱ्यांनी हार्लनचं "रंग न पाहणारी राज्यघटना" हे वाक्य पुढे केलं आणि विरोधी न्यायमूर्तींनीही १९५४ चाच वारसा सांगितला. दोघांच्या हातात तेच शब्द. मी काय म्हणेन ते तुला आता पाठ झालं असेल. शब्द सोड. या नियमाने कोण आत येतं, कोण उठतं, तिथे जाऊन बघ.

या हट्टापायी माझी कामं गेली. जागेवर गेल्याशिवाय मी कुणाचं म्हणणं लिहीत नाही म्हणून दोन चांगले अशील दुसरीकडे गेले, आणि बार रूममध्ये मला नाव पडलं. पडू दे.

बाजू बदलून मागू नकोस. लुइझियानाच लढ, आणि असं लढ की समोरच्यांना त्या मूल सांभाळणाऱ्या बाईपर्यंत यावंच लागेल. मेमोरियलचं, म्हणजे लेखी युक्तिवादाचं, पहिलं प्रारूप शनिवारपर्यंत पाठव. टाइप करून नको, हाताने लिहिलेलं.

रविवारी येशील तेव्हा माझ्या त्या लेखी म्हणण्याची कार्बन प्रत काढून ठेवतो. साडेतीन पानं आहेत. दुसऱ्या पानावर भोजनगृहाचं वर्णन आहे: लांबी, रुंदी, खिडक्या किती, पाण्याचे माठ किती. दाराचा उल्लेख नाही.

तुझा,
सर