एक वेत होऊ द्यावे का?

प्रश्न : आमच्याकडे सात महिन्यांची लॅब्रॅडॉर कुत्री आणि पाच महिन्यांची मांजर आहे. दोघींची नसबंदी करायची आहे. पण सासूबाई म्हणतात, आधी एक वेत होऊ द्यावे, नाहीतर मुके जनावर आजारी पडते. शिवाय नसबंदीनंतर वजन वाढते, असे ऐकले आहे. जेवणानंतर उरलेली तूप-पोळी आम्ही कुत्रीला घालतो.
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : एक वेत झाल्याने प्रकृती सुधारते, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. खरा धोका नसबंदी न केलेल्या मादीला असतो. माज संपल्यानंतर महिना-दोन महिन्यांत काही कुत्र्यांच्या गर्भाशयात पू साठतो. कुत्री खाणे टाकते, एकसारखे पाणी पिते, उलट्या करते, आणि गर्भाशयाचे मुख बंद राहिले तर बाहेर स्रावही दिसत नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागेपर्यंत तिच्या जिवावर बेतलेले असते. नसबंदीने हा आजार जवळपास टळतो.

मांजरीचे लगेच करून घ्यावे. या वयातही तिला गर्भ राहू शकतो, आणि मांजरींच्या स्तनांतील गाठी बहुतांशी कर्करोगाच्याच असतात. लवकर नसबंदी केल्यास त्यांचे प्रमाण बरेच घटते.

लॅब्रॅडॉरचे गणित वेगळे आहे. अंडाशयातील संप्रेरकांमुळे हाडांची वाढ वेळेवर थांबते. नसबंदीत अंडाशय काढतात; ते फार लवकर काढल्यास मोठ्या जातींत सांध्यांचे विकार वाढू शकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लहान चणीच्या जातींमध्ये अशी वाढ आढळली नाही, आणि लॅब्रॅडॉर मादीसाठी वर्षभर थांबण्याची सूचना होती. स्तनांच्या गाठींसाठी पहिल्या माजापूर्वीची शस्त्रक्रिया उत्तम मानली जाते. दोन्ही बाजू पाहता, हिच्या बाबतीत वर्षभर थांबावे, असे माझे मत आहे. मधल्या काळात माज आलाच, तर सुमारे तीन आठवडे तिला मोकळे सोडू नये, आणि शस्त्रक्रिया त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी करावी, कारण माजात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. नेहमीच्या दवाखान्यात सोय नसल्यास आपल्याच जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथे चौकशी करावी.

वजनाचे म्हणणे मात्र खरे आहे. नसबंदीनंतर भूक वाढते आणि ऊर्जेची गरज कमी होते, म्हणून दोघींचा आहार सुमारे पाव हिश्शाने कमी करून दरमहा वजन पाहावे. जेवणानंतरची उरलेली तूप-पोळी कुत्रीला घालण्याची सवय तर, लॅब्रॅडॉरचा खादाडपणा लक्षात घेता, आजच मोडावी. नसबंदीनंतर मोठ्या जातींच्या काही माद्यांना पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. तो बहुतेक वेळा औषधाने आटोक्यात राहतो.