व्यायाम दिसण्यासाठी करावा की तब्येतीसाठी? कुठलं कारण जास्त टिकतं?

दिसण्यासाठी. सरळ सांगते. ज्यांना हे उथळ वाटतं त्यांच्यात आमच्या वन्संचा नंबर पहिला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झालं काय, दिराच्या मुलीच्या लग्नासाठी जुनी पैठणी काढली तर ब्लाउज दंडातच अडकला. टेलरकडे नेला. त्याने बाही उलटी करून बघितली, आधी दोनदा उसवलेल्या टिपांच्या खुणा तशाच होत्या, म्हणाला वैनी, आता सोडायला कापडच नाही. आणि दुकानात बायका बसलेल्या! घरी न जाता तशीच गल्लीतल्या जिममध्ये गेले आणि पैसे भरून आले. बीपी, शुगर, गुडघे काही डोक्यात नव्हतं, मला दंड बारीक हवे होते, बास. वन्संना कळल्यावर भर पंगतीत म्हणाल्या, "या वयात कुणाला दाखवायचंय गं? तब्येतीसाठी कर, माझ्यासारखी चालायला ये." आता यांचं चालणं म्हणजे मैत्रिणींबरोबर रंकाळ्यावर अर्धी फेरी आणि येताना कट वडा, तेही जानेवारीत सुरू आणि होळीला बंद. ते पुतणीचं लग्न होऊन वर्षं झाली, मी अजून जिमला जाते.

माझं म्हणणं असं की वाढलेली शुगर सुरुवातीला दुखत नाही की खुपत नाही, मग तिच्या भीतीने पहाटे कोण उठणार? एचबीएवनसी ही शुगरची रक्ततपासणीसुद्धा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब दाखवते. आरशात मात्र रोज बघावंच लागतं. आणि वजनं उचलली की स्नायू रक्तातली साखर ओढतातच, तुम्ही ती पैठणीसाठी उचलली की डॉक्टरसाठी याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. माझं एचबीएवनसी 6.1 होतं ते 5.6 वर आलं. 5.7 च्या खाली नॉर्मल धरतात.

हां, पण दिसण्यावरून तब्येत मापायला जाऊ नका, ते वेगळं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडचे सहकारी युडकिन यांचा जोडीने फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3, पण अंगातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनची 9.1. आपल्याकडे बारीक दिसणारी माणसंही आतून चरबी बाळगून असतात. म्हणून वजनकाट्यापेक्षा कंबर मोजा, बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची 90 च्या आत हवी.

तुम्ही विशी-पंचविशीतले असाल आणि दिसण्यापायी जेवण सोडणं किंवा जिममधला कुणी देईल ती पावडर-इंजेक्शनं घेणं चाललं असेल तर माझं वरचं सगळं तुम्हाला लागू नाही. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. किती वेळ करायचं हे तुम्ही विचारलं नाहीये, तरी आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस वजनं एवढं पुरतं.

आणि बारीक आहे म्हणून कुणी तपासणीच करत नसेल तर त्याला ओढत न्या. वन्सं अंगाने काडी, पण पोट सुटलंय, शुगर तपासा म्हटलं की म्हणतात ते जाड्या माणसांचं दुखणं. दिवाळीला येणारेत, तेव्हा याज्ञिकांचा फोटो काढून सगळ्यांसमोर दाखवणार आहे.