भडंगाच्या भट्टीवरचा एक्झॉस्ट पंखा वरच्या मजल्याला झोपू देत नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत गावभागात तळमजल्यावर भडंग करता, फोडणीचा ठसका बाहेर काढायला भिंतीत १२ इंची एक्झॉस्ट बसवलाय आणि पहाटे पाचला तो सुरू झाला की वरचे आजोबा खाली उतरतात. थर्माकोल लावून झालं, अंड्यांचे ट्रे चिकटवून झाले, फरक शून्य. मोठा पंखा घेतला तर आवाज अजून वाढेल का, असं विचारलंय.

शेवटचं आधी सांगतो. वाढणार नाही, उलट कमी होईल; फक्त तो मोठा पंखा सावकाश फिरणारा हवा. पण लगेच दुकानात जाऊ नका. कुपवाडला माझं मोटार रिवाइंडिंगचं काम आहे. 'पंखा लई आवाज करतोय, बदलून द्या' म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा पंखा धडधाकट असतो, दोष तो बसवलेल्या जागेत असतो.

थर्माकोल आणि ट्रे आजच काढा. १४०० आरपीएमची (मिनिटाला १४०० फेऱ्यांची) मोटार आणि सहा पाती धरली, तर पंख्याचा मुख्य सूर सेकंदाला १४० कंपनांचा येतो. एवढ्या खर्जातल्या आवाजाची लाट जवळपास अडीच मीटर लांब असते, तिला इंचभर थर्माकोल आडवा आला काय नि न आला काय. शिवाय थर्माकोल आवाज शोषतच नाही. तो भट्टीजवळ, तेलकट वाफेत लावलेला, म्हणजे आगीला आमंत्रण.

आता आवाज कुठून येतोय ते शोधा. पंखा पूर्ण वेगात असताना बटण बंद करा आणि कान देऊन ऐका. बटणाबरोबर आवाज तुटला आणि पाती अजून फिरतायत, तर ती विजेची गुणगुण. कपॅसिटर उतरलेला असेल, किंवा कोणीतरी साधा इलेक्ट्रॉनिक डिमर लावून वेग कमी केलेला असेल. त्या डिमरवर मोटार हमखास घुमते. पाती मंदावतील तसा आवाज विरत गेला, तर तो हवेचा किंवा तोल गेल्याचा. आणि थांबता थांबता मध्येच एका वेगाला एकदम 'घुर्रर्र' करून परत शांत झाला, तर त्या वेगाला तुमची फ्रेम, पत्रा किंवा भिंत साथ देतेय. बुश नाहीतर बेअरिंग गेलं असेल तर ते बंद-चालूची वाट बघत नाही. पंखा बंद करून पातं हाताने सावकाश फिरवलं तरी खरखर हाताला लागते, पाती मागेपुढे हलवली तर ढिलाई कळते. दोन्ही स्वस्तात बदलून मिळतं, त्यावर वेळ घालवू नका.

मोबाईलवर वाद्य जुळवायचं ट्यूनर ॲप असतं, ते पंख्यासमोर धरा. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरे होतात, तिथल्या एका कारागिराने माझ्या दुकानात पंखा ऐकून 'काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) लागलीय' असं सांगितलं होतं आणि ते बरोबर होतं. खालच्या सप्तकातली काळी एक म्हणजे १३९ च्या आसपास कंपनं, सहा पात्यांच्या १४०० च्या पंख्याचा नेमका सूर. तुमच्याकडे ॲपवर तोच आकडा आला तर पात्यांवरच्या हवेचा आवाज आहे. १०० आला तर मोटारीची विजेची गुणगुण, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि मोटारीची पोलादी पट्टी तिच्या दुप्पट थरथरते.

बहुतेक भट्ट्यांवर मला जे सापडतं ते हवेची उपासमार. खोलीची दारं-खिडक्या मांजर शिरू नये म्हणून बंद आणि पंखा आतली हवा बाहेर फेकायला बघतोय. आत यायला हवा नाही तर तो फेकणार काय? पात्यांवरून हवा सुटते, पंखा नुसता घोंगावतो, आणि ठसका तिथंच राहतो. तपासणी सोपी आहे: पंखा चालू ठेवून दार सताड उघडा. आवाजाची जात बदलली आणि तो मऊ झाला, तर आजार सापडला. दाराच्या खालच्या भागात किंवा समोरच्या भिंतीत पंख्याच्या भोकाच्या निदान दीडपट जाळीदार वाट करा. भट्टी पंख्याच्या आणि त्या वाटेच्या मध्ये आली तर आणखी उत्तम, वाफ सरळ खेचली जाते.

दुसरी नेहमीची गोष्ट जाळी. आतल्या बाजूला पात्यांपासून दोन बोटांवर उंदरांसाठी जाळी ठोकलेली असते, वर तेलाचा आणि मिरचीच्या पुडीचा थर, भोकं अर्धी बुजलेली. फाटकीतुटकी हवा पात्यांवर आदळते आणि प्रत्येक पातं त्या जागेवरून जाताना ठोका देतं. जाळी पात्यांपासून निदान अर्ध्या फुटाने लांब घ्या, मोठ्या घरांची लावा आणि ती सहज निघेल अशी करा, म्हणजे धुतली जाईल. पाती धुताना सगळी सारखी धुवा. एका पात्याचा थर निघाला आणि दुसऱ्यावर राहिला की पंखा हिसके देतो. पाती ॲल्युमिनियमची असतील तर कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो ॲल्युमिनियम खातो. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. बाहेरच्या पडदीच्या (शटरच्या) पट्ट्या खडखडत असतील तर त्यांच्या कडेला फेल्टची पट्टी चिकटवा, दोन मिनिटांचं काम.

आता वरचे आजोबा. त्यांना हवेतून येणाऱ्या आवाजापेक्षा भिंतीतून चढणारा जास्त त्रास देत असणार असा माझा अंदाज आहे. त्यांच्याकडे जा, पंखा चालू असताना भिंतीला हात लावा. तळव्याला थरथर जाणवली तर पंख्याची फ्रेम भिंतीला सरळ बोल्टने आवळलेली आहे आणि सबंध भिंतच बोलतेय. फ्रेम आणि भिंतीच्या मध्ये जाड निओप्रीनचं रबर घाला. इथे एक चूक सगळे फिटर करतात: रबर घालतात, पण बोल्ट तसाच लोखंडातून भिंतीत, मग थरथर बोल्टवरून पलीकडे जाते. बोल्टच्या दांड्यालाही रबरी नळी हवी आणि नटाखाली रबरी वॉशर हवा. आणि नट पार दाबून आवळायचा नाही, चिरडलेलं रबर दगडासारखं होतं. पुढे हवा बाहेर नेणारा नळ (डक्ट) जोडला असेल तर पंखा आणि नळ यांच्यामध्ये चार बोटं जाड कॅनव्हासचा तुकडा पट्टीने आवळून लावा. ही वीस-तीस रुपयांची कामं वाटतात, पण वरच्या मजल्याला हाच फरक सगळ्यात आधी कळतो.

एवढं करूनही हवेचा आवाज उरला तर पंखा बदला. वेग हा आवाजाचा मोठा भाग: तोच पंखा २० टक्के सावकाश फिरवला तर आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो, निम्म्या वेगाला १५ डेसिबलने. कानाला १० डेसिबलची उतरण साधारण निम्मा आवाज वाटते. वीजही वाचते, २० टक्के वेग कमी म्हणजे पंख्याला लागणारी शक्ती जवळपास निम्मी. म्हणून १२ इंची १४०० आरपीएमच्या जागी १५ इंची ९०० आरपीएमचा बसवा. हिशोबाने तो साधारण पावपट जास्त हवा फेकतो आणि पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २२ मीटरवरून १८ वर येतो. मात्र त्याचा दाब कमी. भिंतीतून थेट बाहेर फेकायचं असेल तर उत्तम, पण वीस फुटी चिमणीतून गच्चीवर नेणार असाल तर तो दमेल. तिथे सेंट्रिफ्युगल ब्लोअर (डब्यात फिरणारं चाक, जोराने हवा ढकलणारं) लागतो, आणि तो जमिनीवर रबरी पायांवर ठेवायचा, आजोबांच्या भिंतीला नाही.

नळाच्या बाहेरच्या तोंडाला कोपर (वळणाचा जोड) लावून तोंड कोणाच्याच खिडकीकडे होणार नाही असं वळवा. पण कोपर पंख्याला चिकटून नको, आधी पंख्याच्या रुंदीच्या दीडपट तरी सरळ नळ ठेवा. आवाज शोषायला नळात रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरायचा सल्ला कोणी देईल. तेलकट हवेत तो नाकारा, तेल मुरतं आणि पेटतं.

वेळेचंही बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत धरली आहे. निवासी भागात त्या वेळी मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५. तुमचा पाचचा पंखा रात्रीच्या हिशोबात जातो. मोबाईलचं डेसिबल ॲप कोर्टात चालत नाही, पण काम करण्याआधी आणि नंतर त्याच जागेवरून, त्याच खिडकीतून मोजलं तर फरक नक्की कळतो. आजोबांना बाजूला उभं करून मोजा, उगाच वाद वाढत नाही. फोडणी सहानंतर घेता आली तर तेही बघा, आधी मुरमुरे चाळून आणि मसाला कुटून घ्या. अर्थात कुटायचं यंत्र असेल तर ते पण रबरावर.

मोटारीच्या प्लेटवरचा आरपीएम, पंख्याच्या पात्यांची संख्या, भिंतीतल्या भोकाचं माप आणि भिंत साडेचार इंची की नऊ इंची, एवढं लिहून टाका. १५ इंची बसायला भोक किती वाढवावं लागेल ते त्यावरून सांगतो.